महाडचा राग आणि महाडचा दावा

पुतळ्याची विटंबना झाली, बौद्धवाड्यावर हल्ला झाला की पोरांचे फोन येतात, "वकीलसाहेब, आम्ही निघालोय. आता बघूनच घेतो." अशा वेळी "शांत राहा" म्हणणे सोपे असते. पण ज्या समाजाला शतकानुशतके गप्पच बसवले गेले, त्याला हा सल्ला कोणत्या तोंडाने द्यायचा? राग आला नसता तर चळवळच उभी राहिली नसती. आपल्यातले काही साहेब लोक म्हणतात, भावनेच्या आहारी जाऊ नका. त्यांचा हिशेब बहुधा स्वतःच्या बढतीचा असतो. त्याला तर्क म्हणत नाहीत. धम्मात प्रज्ञेच्या जोडीला करुणा आहे, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

महाड आठवा. २० मार्च १९२७ रोजी आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली. मग ती वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवून त्यांना मारहाण झाली. डिसेंबरात सत्याग्रह ठरला, तर सनातन्यांनी दिवाणी दावा ठोकून कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आणला. हजारो लोक तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. ती आग नुसत्या हिशेबाने पेटत नाही. पण तळ्यावरचा सत्याग्रह मात्र बाबासाहेबांनी २७ तारखेला तहकूब करायला लावला. सनातन्यांशी आणि सरकारशी एकाच वेळी झुंज घ्यायची नाही, असा त्यांचा विचार होता. लोक हिरमुसले, पण त्यांनी ऐकले. मिरवणुकीने तळ्याला वळसा घातला, पाण्याला हात लावला नाही. मग दावा महाड, ठाणे, मुंबई हायकोर्ट असा चालला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने सनातन्यांचे अपील फेटाळले. बंदीची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. दहा वर्षे लागली, पण राग विझला नव्हता.

कोर्टात मी आज नेमके उलटे पाहतो. संतापाच्या भरात फिर्यादीत पाच आरोपींचे पंधरा होतात. त्या दिवशी गावात नसलेल्याचेही नाव घातले जाते. उलटतपासणीत बचावाचा वकील तेवढाच धागा ओढतो आणि खरे पाचही सुटतात. दुसरीकडे आपल्याच पोराचे नाव दगडफेकीत येते आणि नोकरी पोलीस पडताळणीत अडकते. एका आईने मुलाचे नेमणुकीचे पत्र माझ्या टेबलावर ठेवले होते. माझ्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून पोरांना सांगतो, डोळ्यांनी पाहिले तेवढेच फिर्यादीत लिहा. वाचल्याशिवाय सही करू नका. जखमेची वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करून घ्या. ठाण्यात दाद मिळाली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आले. आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताला आपले म्हणणे मांडता येते. त्या तारखेला कोर्टात या. मोर्चाला पाचशे असतात, आणि तारखेला फिर्यादी म्हातारी बाकावर एकटीच बसलेली असते.