पुरातत्त्वाचे हौशी पहारेकरी

दिल्लीतील प्राचीन अवशेषांच्या अभ्यासाचा आरंभ काही सरकारी खात्याने केला नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्थापना १८६१ साली झाली. परंतु १८४७ मध्येच दिल्लीत हौशी अभ्यासकांचे एक पुरातत्त्व मंडळ निघाले होते. त्याच वर्षी सय्यद अहमद खान या मुन्सफांनी दिल्लीच्या वास्तूंवरील ‘आसार-उस-सनादीद’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कुतुबमिनारावरील उंचावरचे लेख खालून वाचता येत नसत. म्हणून ते दोन वाशांच्या मध्ये टांगलेल्या शिंक्यात बसून ते उतरवून घेत.

आजही अशा हौशी माणसांची गरज संपलेली नाही. प्राचीन वस्तू प्रथम दिसते ती बहुधा शेतकऱ्याला किंवा मजुराला. तज्ज्ञ तेथे मागाहून पोहोचतो. १९६६ मध्ये दक्षिण दिल्लीत बहापूर येथे एका बांधकाम ठेकेदाराला खडकावर अक्षरे दिसली. तो अशोकाचा लघुशिलालेख ठरला.

दिल्लीच्या उत्तरेकडील खेड्यांत घडलेल्या दोन गोष्टी याहून बोधप्रद आहेत. २००० साली मुझफ्फरनगर जिल्ह्यातील मंडी गावी शेतात हडप्पाकालीन सुवर्णालंकारांचा साठा निघाला. बातमी पसरताच लोकांची झुंबड उडाली. काही अलंकार परत मिळाले. परंतु कोणता मणी कोणत्या थरात, कशाशेजारी होता हे कायमचे अज्ञात राहिले. २००५ साली बागपत जिल्ह्यातील सिनौली येथे शेत सपाट करताना मानवी सांगाडे आढळले. ही वार्ता सर्वेक्षणापर्यंत पोहोचली आणि रीतसर उत्खननात ११६ दफने उजेडात आली. पुढे २०१८ मध्ये तेथेच तांब्याने मढविलेली, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची लाकडी वाहने मिळाली. ते रथ होते की गाडे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण हा वाद घालता येतो, कारण वस्तू जागच्या जागी सापडल्या.

पुरातत्त्वशास्त्रात वस्तूइतकेच तिच्या जागेला महत्त्व असते. जागेवरून हललेली वस्तू म्हणजे पोथीतून फाटून पडलेले पान होय.

म्हणून गावोगावच्या हौशी मंडळांनी कुदळ हाती घेऊ नये, वही घ्यावी. आढळलेली वस्तू उचलू नये, धुऊ नये. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे; स्थळ, खोली व दिनांक टिपावा; काम थांबवून जिल्हाधिकारी किंवा पुरातत्त्व कार्यालयास कळवावे. गावातील शाळा आणि ग्रंथालय एवढे सहज करू शकतात. खोदणे तज्ज्ञांचे काम. परंतु ते येईपर्यंत जागा राखणे, हे मात्र गावाचेच काम आहे.