इमारत संस्थेची, जमीन कोणाची?

शेतकरी कुटुंबास जमिनीच्या कागदाचे महत्त्व सांगावे लागत नाही. बीदर जिल्ह्यातील संतपूर-औरादकडे ज्यास पहाणी म्हणतात आणि महाराष्ट्रात सातबारा, त्या उताऱ्यावरील नाव गावी नित्य तपासले जाते. परंतु त्याच घरातील मुलगा पुण्यास वा मुंबईस सदनिका घेतो, तेव्हा इमारतीखालील जमीन कोणाच्या नावे आहे, हे तो सहसा विचारीत नाही.

सदनिकेचा करारनामा नोंदला, सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली, एवढ्याने जमीन संस्थेची होत नाही. त्यासाठी प्रवर्तकाने जमीन व इमारतीचे अभिहस्तांतरण करून द्यावे लागते. महाराष्ट्र मालकी तत्त्वावरील सदनिका अधिनियम, १९६३ अन्वये हे त्याचे कर्तव्य असून, करारात मुदत नसल्यास संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांत ते पार पाडावयाचे असते. तथापि अनेक ठिकाणी ते वर्षानुवर्षे झाले नाही. इमारत जीर्ण होऊन पुनर्बांधणीचा प्रश्न उभा राहिला, की रहिवाशांना प्रथमच कळते की मिळकत पत्रिकेवर जुन्या जमीनमालकाचेच नाव आहे. वाढीव चटईक्षेत्रावर मग तोही हक्क सांगू लागतो.

यावर उपाय म्हणून २००८ मध्ये अधिनियमात मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करण्यात आली. प्रवर्तक टाळाटाळ करीत असेल, परागंदा असेल वा मृत झाला असेल, तरी संस्थेस सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, अर्ज करता येतो. संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, सदनिकांचे नोंदणीकृत करारनामे, सभासदांची यादी, मंजूर नकाशा आणि सातबारा किंवा मिळकत पत्रिका हे मुख्य कागद होत. प्रवर्तकास म्हणणे मांडण्याची संधी दिली जाते. तो न आल्यास काम थांबत नाही. कायद्याने निर्णयास सहा महिन्यांची मर्यादा घातली आहे.

आदेश हाती आला म्हणजे काम संपले, असे समजून काही संस्था येथेच थांबतात. ही मोठी चूक होय. मसुद्यावरील मुद्रांक शुल्काचा अभिनिर्णय मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडून करून घ्यावा लागतो. सदनिकाधारकांनी करारनाम्यांवर पूर्वी भरलेले शुल्क त्यात विचारात घेतले जाते, म्हणून जुन्या पावत्या जपून ठेवाव्यात. त्यानंतर दुय्यम निबंधकाकडे दस्तनोंदणी आणि शेवटी अधिकार अभिलेखात संस्थेच्या नावाची नोंद.

जेथे सहकारी संस्था नसून अपार्टमेंट आहे, तेथे महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० लागू होतो. घोषणापत्र व अपार्टमेंट विलेख यांद्वारे प्रत्येक मालकास जमिनीत अविभक्त हिस्सा मिळतो. कर्नाटकातही १९७२ चा असाच कायदा आहे. मात्र मानीव अभिहस्तांतरणाची उपरोक्त तरतूद महाराष्ट्राच्या अधिनियमातील असल्याने कर्नाटकातील इमारतींना तिचा आधार घेता येणार नाही. आपली इमारत कोणत्या कायद्याखाली येते, हे करारनाम्यावरून प्रथम निश्चित करावे व मगच अर्जाचा नमुना हाती घ्यावा.