वारल्यांचा दुसरा उठाव

4 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या आरेच्या जंगलातल्या झाडांसाठीच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तिथे करवती सुरू झाल्या. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं, तोवर मेट्रो-3 च्या कारशेडसाठी 2,141 झाडं आडवी झाली होती. त्या रात्रीबद्दल आपण खूप वाचलं, दूरचित्रवाणीवर पाहिलंही. पण त्याच वर्षी आरेतूनच एक गाणं बाहेर आलं होतं. ते फार थोड्यांनी ऐकलं.

गाण्याचं नाव इंग्रजी आहे, ‘द वारली रिव्होल्ट’. ते केलं ‘स्वदेसी’ या मुंबईच्या रॅप मंडळीने, आणि त्यांच्यासोबत गायले प्रकाश भोईर. आरेत आदिवासींचे 27 पाडे आहेत. त्यातल्या केलटीपाड्यावर भोईर राहतात. ते आदिवासी आहेत, शेती करतात, जंगल वाचवण्याच्या लढ्यात आघाडीवर असतात. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत या मातीत झालेल्या ध्वनिमुद्रणांपैकी हे सर्वांत महत्त्वाच्या दोन-तीनांतलं एक आहे, आणि मराठी वाचकाने त्याच्याकडे जवळजवळ पाठच फिरवली.

नावातला ‘उठाव’ वरवरचा नाही. 1945 च्या मे महिन्यात, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले आणि त्यांनी वेठबिगारी नाकारली. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे उचलायचे आणि नवरा-बायको दोघांनी त्याच्या दारात जन्मभर राबायचं, या पद्धतीला ‘लग्नगडी’ म्हणत. ही पद्धत मोडली ती या माणसांनी. पावसाळा सरल्यावर गवतकापणीच्या मजुरीचा लढा उभा राहिला. मागणी होती पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवलं. 1972 साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि अनेक मराठी घरांच्या कपाटात ते आजही आहे. त्या पुस्तकाशेजारी ठेवावं असं हे गाणं आहे. एक फरक मात्र मोठा आहे. पुस्तकात वारल्यांची गोष्ट त्यांना जीव लावणारी बाई सांगते, गाण्यात आदिवासी माणूस स्वतः माइकसमोर उभा आहे.

रॅप हे परदेशी खूळ आहे, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातून द्रुतगती महामार्ग काढताना हजारो कुटुंबांची घरं पाडली गेली. उरलेल्या पडक्या वस्तीत 11 ऑगस्ट 1973 ला कूल हर्क नावाच्या जमैकन वंशाच्या पोराने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. गाण्यातला फक्त तालाचा तुकडा आला की पोरं बेभान नाचतात, हे त्याने हेरलं होतं. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू लागला. हिप-हॉप तिथून सुरू झालं. म्हणजे विकासासाठी ज्यांची वस्ती उठवली, त्यांनी एकाच तालाच्या आवर्तनावर आपलं म्हणणं मांडलं. वारल्यांचा तारप्याचा नाच पाहिला असेल त्याला हे परकं वाटणार नाही. वादक दम न तोडता एकच सुरावट फिरवत ठेवतो आणि त्याच्याभोवती माणसांचा फेर फिरत राहतो.

आणि शाहिरी? पोवाड्यात शाहिराची ओळ संपता संपता ती उचलणारा झीलकरी असतो. रॅपरच्या मागे उभा राहून शेवटचा शब्द ठोकणारा जोडीदार हेच काम करतो. अण्णाभाऊ साठे, अमरशेख, आंबेडकरी जलसे या सगळ्यांनी बातमी, हिशेब आणि जाब तालावर मांडला. शाहीर विलास घोगऱ्यांनी 1997 मध्ये रमाबाई आंबेडकर नगरातल्या गोळीबारानंतर जीव दिला. तो आवाज त्यांच्याबरोबर संपला असं वाटणाऱ्यांनी ‘स्वदेसी’चं आंबेडकरी बाण्याचं ‘क्रांती हवी’ ऐकावं.

मग हे सगळं कानाआड का गेलं? 14 फेब्रुवारी 2019 ला ‘गली बॉय’ आला, हे मला त्याचं मोठं कारण वाटतं. चित्रपट चांगला होता. पण त्यानंतर मुंबईचा रॅप म्हणजे हिंदी रॅप, हे समीकरण पक्कं झालं. त्याच चित्रपटात ‘इंडिया 91’ नावाचं गाणं आहे. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी कर्नाटक संगीतातले तकिट, तकधिमि हे तीन-चार मात्रांचे बोल रॅपशी जोडले आणि त्यावर मराठी, गुजराती, पंजाबी, हिंदी अशा भाषा एकामागून एक आल्या. चित्रपटाची बाकीची गाणी पोरांच्या तोंडी बसली, हे मागे राहिलं.

त्यातला मराठी आवाज 100 आरबीएचचा, म्हणजे अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरचा. ‘सौ’चा आकडा करून त्याने नाव घेतलं. त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण मराठी रॅपला अडचण भाषेची आहे असं सर्रास म्हटलं जातं. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच ते ‘आहे’, ‘नाही’, ‘केलं’, ‘गेलं’ येतं आणि यमक फिकं पडतं. वऱ्हाडीत हाच पेच सैल होतो. मले, तुले, कायले, कोनाले असे शब्द ओळीत कुठेही येऊ शकतात. मग यमक शेवटाची वाट पाहत नाही, मधेच ठिणग्या पडतात. ‘जाऊन रायलो’, ‘करून रायलो’ यांना चालण्याचीच लय आहे. पुण्याच्या प्रमाण मराठीत घडवावं लागतं ते अमरावतीच्या नाक्यावर रोज बोललं जातं. या बोलीला नाटकात आणि चित्रपटात आपण वर्षानुवर्षं हशासाठी उभं केलं. तिला रागाने, शुद्धीवर राहून, ठाम बोलताना ऐकायची सवय आपल्या कानांना नाही, आणि हा दोष कानांचा आहे.

‘इंडिया 91’मधला गुजराती आवाज एमसी तोडफोडचा, धर्मेश परमारचा. मुंबईच्या चाळीत वाढलेला हा पोरगा लोकगीताच्या गळ्यातून एकदम द्रुत रॅपमध्ये शिरायचा. मार्च 2022 मध्ये त्याचा ‘ट्रुथ अँड बास’ हा अल्बम आला. त्याच महिन्याच्या 20 तारखेला तो गेला, वय 24. शोकसंदेश भरपूर लिहिले गेले, पण अल्बमवर नीट बसून लिहिलेलं मराठी परीक्षण माझ्या वाचनात अजून आलेलं नाही. नाटकाच्या पंचविसाव्या प्रयोगावरही आपण लिहितो, दिवाळी अंकांची परीक्षणं छापतो. मग मुंबईतल्या चाळीतल्या पोराचं एकुलतं सलग काम तेवढ्याही लायकीचं ठरू नये, याचं मला वाईट वाटतं.

कारशेड शेवटी आरेतच झाली. ऑक्टोबर 2024 मध्ये मेट्रो-3 चा पहिला टप्पा आरे ते बीकेसी सुरू झाला. जवळपास साडेतेहतीस किलोमीटरच्या या मार्गावर 27 स्थानकं आहेत. त्यांतली सव्वीस जमिनीखाली आहेत, जमिनीवर आहे ते फक्त आरे. दक्षिणेकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात बोगद्यात शिरते. त्याआधी काचेतून हिरवळ दिसते तेवढ्यात कानात भोईरांचा आवाज लावून पाहा.