समुद्रातील पवनचक्क्या आणि मच्छीमार
अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ब्लॉक आयलंड हे लहान बेट आहे. पूर्वी तेथील वीज डिझेलवर तयार होई. डिसेंबर २०१६ मध्ये नजीकच्या समुद्रात प्रत्येकी ६ मेगावॅटच्या ५ पवनचक्क्या सुरू झाल्या.

जाळी अडकतील, मासळी दूर जाईल, ही मच्छीमारांची भीती साहजिक होती. म्हणून २०१० साली मंजूर झालेल्या सागरी आराखड्यासाठी मासेमारीच्या जागा त्यांनाच विचारून नकाशावर नोंदविण्यात आल्या. पुढे मासेमारी ट्रॉलरवरूनच सात वर्षे मासळीची पाहणी झाली. पोलादी पायांवर शिंपले वाढले व भोवताली ब्लॅक सी बास हा मासा अधिक आढळला. तथापि ट्रॉल ओढणाऱ्यांस तेथे सावधगिरी बाळगावी लागतेच.

ज्यांचा चरितार्थ समुद्रावर आहे, त्यांचा विचार खांब रोवण्यापूर्वीच घ्यावा, हाच यातील बोध होय.