सात रस्ता ते किल्ला : दोन तळ्यांमधली वाट

सोलापूर शहराच्या मधून नदी वाहत नाही. सीना बाहेरूनच जाते. तरीही पाण्याच्या काठाने, इतिहास पाहत पायी किंवा सायकलने जाण्याची वाट या शहरात आखता येते आणि तिचा मध्य सात रस्ता हा चौकच असायला हवा. इथून एका बाजूला विजापूर रस्त्यावर धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे जुन्या सोलापूरकरांचा कंबर तलाव. दुसऱ्या बाजूला सिद्धेश्वर तलाव. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून हे तळे खोदून घेतले, अशी परंपरा सांगते. तळ्यात सिद्धेश्वराचे मंदिर आणि काठावर भुईकोट किल्ला. बहामनी काळातल्या या किल्ल्याची एक बाजू तळ्याच्या पाण्यानेच राखली. मे 1818 मध्ये तो पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला. आत कपिलसिद्ध मल्लिकार्जुन मंदिराचे कोरीव अवशेष आहेत. जवळच महापालिकेची इंद्रभुवन ही देखणी इमारत आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांचा हुतात्मा चौक. एवढा इतिहास चालण्याच्या टप्प्यात आहे.

सोलापूरच्या उन्हात चालणार कोण, हा पहिला आक्षेप. तो खराच आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून वाट सकाळ-संध्याकाळची असावी आणि खर्च दगडी सुशोभीकरणाआधी कडुनिंब, वड, पिंपळ लावण्यावर व्हावा. दुसरा आक्षेप जागेचा. पण दर संक्रांतीला हेच शहर त्याचे उत्तर देते. पांढऱ्या बाराबंदीतले सिद्धेश्वराचे भक्त उंच नंदीध्वज कमरेशी उभे पेलत 68 लिंगांच्या तैलाभिषेकासाठी निघतात, तेव्हा रस्ता चालणाऱ्यांचा होतो. वर्षातून एकदा जे जमते, त्याचा छोटा भाग रविवारच्या सकाळी तरी जमायला हरकत नसावी. तिसरा आक्षेप असा की पाहुणे पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरसाठी येतात आणि निघून जातात. पण त्यांची गाडी बदलते ती सोलापुरातच. मधले दोन तास घालवायला सावलीची वाट, ठळक पाट्या आणि भाड्याची सायकल मिळाली, तर बरेच जण थांबतील. त्याहून मोठा लाभ सोलापूरकरांचा: ज्या काठाने माणसे रोज चालतात, तिथे साचलेला कचरा आणि जलपर्णी फार दिवस दुर्लक्षित राहत नाही. तळी जपायची तर त्यांच्याकडे जाणारी वाट आधी जिवंत ठेवावी लागेल.