नावातच दिलेला शब्द : तुळजापूरची त्वरिता (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण पंढरीच्या विठोबाकडे पाहिले. पुंडलिकाने वीट फेकली, थांब म्हटले आणि देव थांबला तो थांबलाच. आज त्याच्या अगदी उलट स्वभावाच्या देवतेकडे वळू. ही थांबत नाही, धावत येते.

सोलापूरहून तुळजापूरला निघाले की सोलापूर जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर तामलवाडी लागते. कोजागरीच्या सुमारास या रस्त्यावरची वाहतूक दुसरीकडे वळवतात, कारण रस्ता चालणाऱ्यांचा होतो. सोलापूरच्या मानाच्या काठ्या आणि कर्नाटक-आंध्राकडून आलेले भाविक रात्रभर चालत असतात. कुणी अनवाणी, कुणाच्या खांद्यावर झोपलेले मूल. चहा, फराळ, पायांना चोळायला मलम हे वाटेवरची माणसे पुरवतात. मुखी एकच गजर असतो, ‘आई राजा उदो उदो’.

या आईचे नाव तुळजा. परंपरा ते ‘त्वरिता’ या नावापासून आलेले मानते. त्वरिता म्हणजे तातडीने येणारी. तिच्या पराक्रमाची नावे कमी नाहीत, महिषासुरमर्दिनी तीच. पण गावाला आणि लेकीबाळींच्या ओठांना जे नाव चिकटले ते तिच्या येण्याच्या वेगाचे. हे मला फार मोलाचे वाटते. शक्ती पुष्कळांकडे असते. हाक ऐकून निघण्याची घाई ज्याला होते, तो आपला.

कथा अशी. कर्दम ऋषी वारले. पत्नी अनुभूती सती जायला निघाली, पण पदरी लहान मूल होते म्हणून मागे राहिली आणि मंदाकिनीच्या काठी तपाला बसली. कुकर नावाच्या दैत्याची तिच्यावर वाईट नजर पडली. तिने देवीचा धावा केला. देवी आली, महिषाचे रूप घेतलेल्या दैत्याला तिने मारले आणि अनुभूतीच्याच विनंतीवरून यमुनाचलावर, म्हणजे आपल्या बालाघाटात, कायमची राहिली. गाभाऱ्यातल्या अष्टभुजा मूर्तीच्या पायाशी तपाला बसलेली स्त्री कोरली आहे, ती अनुभूतीच असे मानतात. हाक मारणारीलाही मूर्तीतच जागा मिळाली.

या कथेतला क्रम महत्त्वाचा आहे. आधी हाक, मग येणे, मग नाव. बायबलात मोशेला जळत्या झुडपातून देव आपले नाव सांगतो, त्याआधी तो म्हणतो की माझ्या लोकांचा आक्रोश मी ऐकला आहे आणि त्यांना सोडवायला मी उतरलो आहे. मूळ भाषांवरून मराठी बायबल सिद्ध करण्यासाठी पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. त्यांच्याही वाचकांना तिथे हाच क्रम भेटला.

नाव हाच आईने दिलेला शब्द असेल, तर आता नवसाबद्दल बोलू. प्रचलित कथेत अनुभूती नवस बोलत नाही. तिच्याकडे द्यायला काही नव्हतेच. लेकरू झाले तर अमुक, पाऊस पडला तर तमुक, अशी बोली आपण लावतो तेव्हा आईच्या शब्दाचा सौदा करतो. वारंवार अवर्षण सोसणाऱ्या या मुलखात माणसे तसे का करतात हे कळते, त्यांना दोष देववत नाही. पण तिच्या नावातला शब्द पिकाचा नाही, येण्याचा आहे.

आणि ही धावणारी आई दमतेसुद्धा. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. नवरात्रापूर्वीची घोर निद्रा, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोहनिद्रा. दसऱ्याच्या पहाटे सीमोल्लंघनाच्या वेळी मूर्तीला इजा होऊ नये म्हणून तिच्याभोवती साड्यांचे दिंड गुंडाळतात. नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून आलेल्या पालखीतून तिची प्रदक्षिणा होते आणि मग देवी निजते. ती कोजागरीपर्यंत. म्हणजे तामलवाडीवरून चालणारी माणसे निघतात तेव्हा आई विश्रांती घेत असते. तिला झोपेतून उठवावे असे कुणालाच वाटत नाही. ती उठेल तेव्हा आपण दारात असावे, एवढ्यासाठी ते चालतात. जिचे नावच धावून येणारी असे ठेवले, तिच्या थकव्याची एवढी काळजी घेणारी भक्ती मला तिच्या शब्दाच्या इतर कुठल्याही पुराव्यापेक्षा मोठी वाटते.

पुढच्या आठवड्यात जेजुरी. मल्ल दैत्याने मरताना आपले नाव देवाच्या नावाआधी लागावे असे मागितले आणि खंडोबाने तो शब्द पाळला; म्हणून तो आजही मल्हारी आहे.