खेळाचा तास कुठे गेला?



शाळेतल्या आरोग्य तपासणीला मदत करायला गेले होते. चौथीच्या बाईंनी एका मुलीकडे बोट दाखवलं. "ही खेळाच्या तासाला भिंतीला टेकून बसते, सिस्टर. आळशी आहे." मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरट. नखं फिकट, दोन जिने चढली की धाप. ती आळशी नव्हती, तिच्या अंगात रक्त कमी होतं. औषध सुरू झालं, जंताची गोळी दिली, घरी आईशी बोलले. तीन महिन्यांनी ती लंगडी खेळताना दिसली.

पण मला चुटपुट लागली ती वेगळीच. त्या बाई खेळाचा तास घेत होत्या, म्हणून ती बसलेली त्यांना दिसली तरी. त्याच शाळेत शेजारच्या वर्गाचा खेळाचा तास वर्षभर गणिताला दिला होता. तिथे अशी किती मुलं असतील? वर्गात बाकावर सगळीच मुलं बसलेली असतात. कोणाला धाप लागते, कोणाचा पाय दुखतो, कोणाला लांबचा चेंडू दिसत नाही, हे मैदानावरच कळतं. मी नर्स म्हणून सांगते, खेळाचा तास ही फुकटातली आरोग्य तपासणी आहे.

आणि आपल्या मुलांना त्याची गरज जास्त आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. गल्लीत गाड्या लावलेल्या, उरलेल्या जागेत उघडी गटारं. मुलगा निदान नाक्यापर्यंत धावून येतो. मुलीला दहाव्या वर्षापासून धाकटं भावंड, पाणी आणि भांडी. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं अंगाला घाम येईल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हाडं बळकट होतील अशा उड्या, धावणं आठवड्यातून निदान तीन दिवस. वस्तीतल्या मुलीला एवढी मोकळीक शाळेशिवाय कुठे मिळणार?

"शाळेकडे पैसा नाही," असं उत्तर ठरलेलं असतं. अर्धं खरं आहे ते. समग्र शिक्षा योजनेत क्रीडा अनुदान म्हणून वेगळी रक्कम धरलेली आहे. सरकारी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,००० पर्यंत. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळा यात येतात. आता हिशेब करा. प्राथमिक शाळेत २०० मुलं असली तर एका मुलामागे वर्षाला २५ रुपये. वस्तीतल्या शाळा गच्च भरलेल्या, पण ही रक्कम पटसंख्येप्रमाणे वाढत नाही. चाळीस मुलांच्या शाळेलाही तेवढीच, चारशेंच्या शाळेलाही तेवढीच. हे बदललं पाहिजे, आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला हे विचारलं पाहिजे. महापालिकेला स्वतःच्या अंदाजपत्रकातून शाळांच्या खेळासाठी जास्त तरतूद करायला कोणी अडवलेलं नाही.

शिक्षकांचंही तसंच. शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ शिक्षक आहे, पण तो सहावी ते आठवीसाठी, आणि तेही पट १०० च्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला नाही. म्हणजे अंग घडायच्या वयात खेळ शिकवायचा तो वर्गशिक्षकानेच, जनगणना, निवडणूक आणि खिचडीचा हिशेब सांभाळून. म्हणून शिक्षकांशी भांडून काही होत नाही. त्यांच्या बाजूने उभं राहून वर मागायचं.

जे आहे ते तरी वापरलं जातं का, ते मात्र आपण बघायचं. एका शाळेत मी कपाट उघडायला लावलं. आत नवाकोरा कॅरम, प्लास्टिकच्या वेष्टणातली बॅडमिंटनची रॅकेट्स, हवा गेलेला फुटबॉल. "मुलं मोडतात म्हणून कुलूप लावलंय." अहो, मोडू द्या की! मोडलेली वस्तू म्हणजे वापरलेली वस्तू. चार जणांच्या कॅरमपेक्षा उड्या मारायच्या दोऱ्या, रबरी चेंडू, रिंगा, लेझीम आणा, पूर्ण वर्ग एकदम खेळतो. कबड्डी, लंगडी, लगोरीला तर चुन्याची रेघ आणि फरशीचे तुकडे पुरतात.

विचारायचं कुठे? शाळा व्यवस्थापन समितीत. या समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. आपल्यातली एखादी ताई त्यात असते, पण सही करून घरी येते. बैठकीत तिने तीनच गोष्टी विचारायच्या: यंदाचं क्रीडा अनुदान किती आलं, त्यातून काय घेतलं, ते कुठे आहे. शाळा विकास आराखडा हीच समिती करते, त्यात मैदान सपाट करणं आणि पिण्याच्या पाण्याची टाकी लिहून घ्यायची. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांत, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.

पाण्याचा मुद्दा मी मुद्दाम काढला. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आहे, हे आपण लपवतो. सोयरिकीच्या भीतीने लपवतो, आणि मूल मैदानावर कोसळतं. सिकलसेलच्या रुग्ण मुलाला खेळ बंद नाही. पण त्याला मधे मधे पाणी आणि विसावा हवा, भर उन्हात पळवायचं नाही, शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या तर अजिबात नाहीत. हातपाय किंवा छाती दुखते म्हणालं, ताप आला, की खेळ थांबवून दवाखाना. वाहक असलेलं मूल इतरांसारखं खेळू शकतं, पाणी मात्र त्यालाही भरपूर द्यायचं. हे सगळं बाईंना आधी माहीत हवं. आईने जाऊन सांगावं, एकटीला धीर होत नसेल तर आशाताईला सोबत न्यावं.

घरूनही थोडं लागतं. सकाळच्या शाळेला मूल नुसत्या चहावर जातं आणि खेळाच्या तासाला चक्कर येते. रात्रीची भाकरी आणि गूळ-शेंगदाणे चालतील, पण पोटात काहीतरी हवं. शाळेतली लोहाची गोळी, लहानांना गुलाबी आणि दहा वर्षांपुढे निळी, फेकायची नाही. ती जेवणानंतर घ्यायची, म्हणजे मळमळत नाही. मुलीच्या स्कर्टखाली चड्डी द्या, पडायच्या भीतीने आणि लाजेने ती धावतच नाही.

एक बोलते, राग मानू नका. जयंतीला आपल्या गल्लीत डीजेवर किती जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या वस्तीत दोन वर्षांपूर्वी महिला मंडळाने वर्गणीतले काही पैसे बाजूला काढले. त्यातून दहा दोऱ्या, सहा चेंडू आणि एक शिट्टी आली. रविवारी वंदना झाली की विहाराच्या अंगणात तासभर खेळ. शिट्टी माझ्याकडे असते. पहिल्या दिवशी मुलगे बावीस आले, मुली चार. मग आम्ही पहिली अर्धी वेळ फक्त मुलींची ठेवली. कुरकुर झाली, अजून होते. गेल्या रविवारी मुली सतरा होत्या, आणि दोन दोऱ्या तुटल्या म्हणून नव्या आणायच्या आहेत.